उसना उजवा हात

मुलाखत तोंडावर आली आणि माझा उजवा हात मोडला. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाईचा, तोही मुलाखतीत सदिशांच्या, म्हणजे व्हेक्टरच्या, गुणाकाराचा पाठ घ्यायचा असताना! दरवर्षी तात्पुरती नेमणूक, दरवर्षी सुट्टीआधी नारळ. आता कुठे कायमची जागा निघाली होती. ही हुकली तर शिकवणंच सोडायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

या गुणाकारात उजव्या हाताची बोटं पहिल्या सदिशाकडून दुसऱ्याकडे वळवायची. अंगठा दाखवेल ती उत्तराची दिशा. डावा हात वापरलात की उत्तर नेमकं उलटं. आणि माझा उजवा हात बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

"माझा घे की," आमचे हे म्हणाले.

"हात घेते. तोंड घरी ठेवून या."

समितीच्या परवानगीनं हे फळ्याशेजारी उभे राहिले. मी डाव्या हातानं कसेबसे दोन बाण काढले. "पहिल्याकडून दुसऱ्याकडे." ह्यांनी बोटं वळवली, अंगठा वर. "आता क्रम उलटा." अंगठा खाली, तोही थेट प्राचार्यबाईंच्या समोर. त्यांनी चष्मा सारखा केला.

मग समितीतल्या तज्ज्ञांनी खुसपट काढलं. "गुणाकार होतो, मग भागाकार का नाही? पान्याची लांबी आणि बळ यांचा गुणाकार म्हणजे नट फिरवणारा परिणाम. पाना माहीत, परिणाम माहीत. भागा आणि बळ काढा."

"सदिशाला संख्येनं भागता येतं, सदिशानं नाही," मी म्हणाले. "पान्याच्या लांबीच्या दिशेनं आणखी कितीही जोर लावा, नटावरचा परिणाम तोच राहतो. मग परिणामावरून मूळ बळ कसं ओळखणार?"

"प्रत्यक्षातलं उदाहरण?"

माझ्याकडे उदाहरण होतं, पण जीव गेला तरी सांगण्यासारखं नव्हतं.

"हिचा हात," हे म्हणाले.

"अहो!"

"गाडीचं चाक काढत होती. नट हलेना. मी नुसतं म्हटलं, मेकॅनिकला बोलावू. झालं! अशी भडकली की पाना फिरवायचा सोडून सरळ नटाकडेच रेटला. पाना सटकला, ही भिंतीवर. नटाला पत्ताच नाही!"

सगळी समिती खो खो हसायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग असा संताप आला म्हणता!

"हसताय काय? बरोबरच आहे ते! नट तसूभर फिरला नाही, परिणाम शून्य. आता भागून सांगा, मी किती जोर लावला होता?"

तज्ज्ञांचं हसू थांबलं. "नाही बुवा सांगता येणार."

"मला येतं." मी प्लास्टर त्यांच्यापुढे धरलं. "पण ते नटाला विचारून नाही."

समितीनं आपापसांत कुजबुज केली.

"सोमवारपासून कायम म्हणून रुजू व्हा," प्राचार्यबाई म्हणाल्या. "येताना हात घेऊन या."

"कुणाचा?" ह्यांनी विचारलं.

मी प्लास्टर उगारलं, तेव्हा कुठे गप्प बसले.