लाम्दुआनने निवडलेले टायर

डोंगरावरची कोबी लोमसाकच्या बाजारात येते ती पिकअपमधून. मोठा ट्रक त्या वळणांवर मावत नाही. पिकअपच्या हौद्यावर लोखंडी पिंजरा चढवायचा, त्यात टपाच्याही वर माणूसभर उंच गड्डे रचायचे आणि ब्रेकने तापणाऱ्या चाकांवर पाण्याची धार सोडत खालच्या गिअरमध्ये उतरायचं. थाविन हे काम लग्नाच्या आधीपासून करत होता. गाडी त्याची स्वतःची. शेजारच्या सीटवर बुनलिआंग बसायचा, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. वर डोंगरातल्या ह्मोंग आदिवासींच्या शेतात तो माल भरू लागायचा आणि वाटभर गप्पा मारायचा.

कोबी घेणारा व्यापारी एकच, किमहेंग शेठ. हंगामाच्या तोंडावर तो सगळ्यांच्या गाड्या आपल्या आवारात बोलवायचा आणि आपल्या पसंतीचे टायर बसवून द्यायचा. दुसरे टायर घालून आलेल्या गाडीला माल मिळत नसे. त्या वर्षी त्याने कुठल्याशा बंद पडलेल्या गोदामातला लॉट उचलला होता. टायर वापरलेले नव्हते, पण कित्येक वर्षं पडून होते. नक्षी धारदार, वरून काळं पॉलिश, बघणाऱ्याला नवेच वाटावेत. थाविनची बायको लाम्दुआन गाडी धूत होती तेव्हा तिला टायरच्या कडेला केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. तिने नवऱ्याला बोलावून दाखवल्या.

"सुरकुत्या आपल्याही तोंडावर आल्यात," थाविन म्हणाला. "पळतोच ना आपण?"

पुढे काही आठवड्यांनी, सकाळच्या धुक्यात, भरलेली गाडी उतारावरच्या वळणावर कठडा तोडून ओढ्यात गेली. बुनलिआंग जागच्या जागी गेला. थाविनचं कमरेचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला, आणि त्याला बेशुद्धीतच इस्पितळात नेलं.

शेठने गाडी ओढून आपल्या आवारात आणून ठेवली. थाविनचे कपडे, देवाची माळ, जेवणाचा डबा आणायला लाम्दुआन तिथे गेली, तेव्हा तिने मागचं डावं चाक पाहिलं. टायरची वरची पट्टी सालपटासारखी सोलून निघाली होती आणि आतल्या तारा बाहेर आल्या होत्या. ती बराच वेळ तिथे वाकून उभी राहिली. मागे शेठ येऊन थांबला होता.

त्याने तिला सावलीत बसवलं आणि बर्फाचा चहा मागवला. तो माणूस ओरडणारा नव्हता. झालं ते फार वाईट झालं, बुनलिआंगचं सगळं क्रियाकर्म आपण करू, असं तो म्हणाला. पोलिसांना त्याने सांगितलं होतं की चालकाला डुलकी लागली. तेवढंच राहू दे, असं त्याचं म्हणणं होतं. गाडी तो दुरुस्त करून देणार होता, तिला हवी ती चाकं, हवे ते टायर घालून देणार होता, आणि थाविन बरा होईपर्यंत ती स्वतः चालवायला तयार असेल तर रोजचा माल तिचाच. गाडी चालवता तिला येत होती, हे त्याला ठाऊक होतं. नाहीतर, तो म्हणाला, कज्जा वर्षानुवर्षं चालेल आणि तोवर खाणार काय?

लाम्दुआनने चहाला हात लावला नाही. "फक्त माझ्या गाडीचे नाही," ती म्हणाली. "त्या लॉटचे टायर ज्याच्या ज्याच्या गाडीला आहेत, त्या सगळ्यांचे बदलायचे. या आठवड्यात."

शेठने तिच्याकडे नीट पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

टायर खरंच बदलले गेले. शेठने सांगितलं की अपघाताने आपलं मन हललं, मेलेल्याच्या नावाने हे पुण्य करतोय. त्याने देवळातून भिक्खूंना बोलावलं आणि प्रत्येक गाडीवर मंत्राचं पाणी शिंपडून घेतलं. ड्रायव्हरांनी हात जोडले. असा शेठ मिळायला नशीब लागतं, असं लोक लाम्दुआनच्या तोंडावर म्हणत होते. जुने टायर आवारामागे जाळले. तो काळा धूर दिवसभर अर्ध्या गावावर होता.

थाविन शुद्धीवर आला तेव्हा त्याला चढावावरच्या टपरीत कॉफी घेतल्यापर्यंतचं आठवत होतं. पुढचं सगळं कोरं. बुनलिआंग कुठाय, हे त्याने आधी विचारलं. मग विचारलं, काय झालं होतं? लाम्दुआन गरम पाण्याचा थर्मास घेऊन उभी होती. शेठ फळांची टोपली घेऊन भेटायला आला होता. तिच्याआधी तोच बोलला.

"डुलकी लागली तुला. कुणालाही लागते रे."

थाविनने बायकोकडे पाहिलं. तिने कपात पाणी ओतलं आणि कप त्याच्या ओठांना लावला.

गाडी दुरुस्त झाल्यावर शेठ लाम्दुआनला घेऊन सेंगदादाच्या टायरच्या दुकानात गेला. दुकानात पुढेच मोठी चकचकीत ॲलॉय चाकं टांगलेली होती, अठरा इंची, त्यांना रुंद, बुटक्या कडेचे टायर. शेठला तिला तीच द्यायची होती. बाजारातून गाडी जाईल तेव्हा लोकांनी वळून बघायला हवं, असं तो म्हणाला. लाम्दुआन त्यांच्यापुढून चालत मागे गेली. तिने साध्या लोखंडी डिस्क मागितल्या, पंधरा इंची, आणि ओझ्याच्या गाडीचे आठ प्लायचे, म्हणजे आठ थरांचे टायर.

सेंगदादाने एका कंपनीचे काढले. तिने कडेवर कोरलेले, टायर कधी बनला ते सांगणारे आकडे वाचले, सहा महिन्यांपूर्वीचे होते, तर याहून ताजे काढा म्हणाली. दुसरे काढले. तिने प्रत्येक टायर उभा करून फिरवला, कडेला अंगठा दाबून पाहिला, आत हात घालून चाचपलं. एकाची नक्षी पावसाला बरी पण फार मऊ वाटली, म्हणून परत केला. चढावर चिखलात पकड हवी, उतारावर ओझ्याखाली कड दबता कामा नये, आणि स्टेपनीसुद्धा याच जातीची नवी हवी. दुकानदाराने कपाळावरचा घाम पुसला.

"ताई, डुकराचं मांससुद्धा बाजारात कुणी एवढं चाचपून घेत नाही."

"मांस शिळं निघालं तर पोट बिघडतं, दादा," ती म्हणाली. "एवढंच."

शेठ दाराशी जाऊन फोनवर बोलायला लागला. तिने निवडले ते दुकानातले सगळ्यांत चांगले ओझ्याचे टायर होते, असं सेंगदादा पुढे सगळ्यांना सांगायचा. चाकं चढवताना तिने नट एकेक आपल्या हाताने आवळले. घरी येताना गाडी रस्त्याला चिकटून चालली.

दुसऱ्या दिवसापासून ती डोंगरावर जायला लागली. बाई कोबीची गाडी उतरवते याचं पहिल्यांदा नवल झालं, मग तेही संपलं. ड्रायव्हर लोक वाईट नव्हते, पण जीभ कुणाला आवरते? माल भरायच्या रांगेत एखादा ओरडायचा, "वहिनी, थाविनला उठवून आलीस की झोपलाय अजून?" बाकीचे हसायचे. ती काच वर करून घ्यायची.

थाविन कुबड्यांवर घरी आला तो वेगळाच माणूस होता. त्याला झोपेचीच भीती बसली. रात्री भिंतीला टेकून बसून राहायचा, डोळे मिटायला लागले की स्वतःच्या गालावर चापट मारायचा. चालता यायला लागल्यावर तो फुलं आणि उदबत्त्या घेऊन बुनलिआंगच्या आईच्या दारात गेला. म्हातारी पानकाकू एकटीच राहायची, बुनलिआंग तिचा एकुलता एक. पहिल्या वेळी ती बाहेर आली नाही. तो तसाच दारात बसून परत आला. पुन्हा गेला. पुन्हा गेला. पावसाळा संपता संपता तिने त्याला घरात घेतलं. मग तो तिचं पाणी भरायला लागला, गळकं छप्पर शाकारलं, चिंचा सोलायला तिच्याजवळ बसायला लागला. तिला आई म्हणायला लागला. आठवड्यातले निम्मे दिवस तो तिथेच काढायचा, आणि तिथे, तिच्या ओसरीवर, त्याला थोडी झोप लागायची.

हे सगळं लाम्दुआन बघत होती. सांगायचं तर आज, असं ती रोज ठरवायची, आणि रोज कोबी भरून यायची.

थंडीत डॉक्टरांनी सांगितलं की हाड जुळलं, थाविन आता गाडी चालवू शकेल. लाम्दुआनचे खांदे तोवर आखडून गेले होते. तिने किल्ली त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती हळूच तिच्याकडे सरकवली. एका आईचा मुलगा या हातांनी मारला, हे हात पुन्हा स्टिअरिंगला लावणार नाही, असं तो म्हणाला. तेव्हा तिच्याने राहवलं नाही. तिने त्याला सगळं सांगितलं: सोललेली पट्टी, बाहेर आलेल्या तारा, शेठचा चहा, तिने घातलेली अट, इस्पितळात ती गप्प राहिली ते.

ती थांबल्यावर थाविनने विचारलं, "कुठलं चाक?"

"मागचं डावं."

"तो टायर कुठाय?"

"जाळला. सगळ्यांबरोबर."

त्याच्या चेहऱ्यावर अशी माया आली की लाम्दुआनला ते सोसवेना. "माझं मन हलकं करायला किती जुळवलंस गं," तो म्हणाला. "खरं असतं तर तू त्याच दिवशी बोलली असतीस. तुला मी ओळखत नाही का?"

तिने शपथ घेतली. त्याने तिचा हात हातात घेऊन थोपटला.

दुसऱ्या दिवशी गाडी काढून ती एकटी पानकाकूकडे गेली. म्हातारी अंगणात चिंचा सोलत होती. लाम्दुआन तिच्यापुढे जमिनीवर बसली, डोकं टेकवलं, आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. हिला तरी पटेल, ही सांगेल त्याला, हिचं तो ऐकेल, असं तिला वाटत होतं.

पानकाकूला पटलं. तिने एक शब्दही खोटा धरला नाही. तिचे हात थांबले.

"म्हणजे तो जागा होता," ती डोंगराकडे बघत म्हणाली. "माझ्या पोराला वाचवायला धडपडला असेल."

"हो, काकू. तुम्ही त्याला सांगा."

म्हातारीने पुढची चिंच उचलली. "सांगितलं तर तो इथे कशाला येईल? एक पोरगा त्या टायरने नेला. हा दुसरा तू न्यायला आलीस का?"

काकूने तिला पाणी दिलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. लाम्दुआन आपोआप उठली.

शेठकडे ती गेली नाही. तिथे आता काय होतं? पुढच्या हंगामात त्याने सगळ्या गाड्यांना टायर घालून दिले. तिने मात्र आपले काढू दिले नाहीत, आणि तिचा माल कुणी अडवलाही नाही.

थाविन अजून पानकाकूचं पाणी भरतो. इतका पस्तावलेला, इतका सरळ माणूस पंचक्रोशीत नाही, असं देवळातले भिक्खूसुद्धा म्हणतात. लाम्दुआनचं नाव निघालं की बायका आवाज खाली आणतात. नवरा रोज माफी मागायला जातो, आणि ही त्या म्हातारीच्या दारावरून गाडी घेऊन जाते, थांबत नाही, मान वळवून बघतही नाही. दगडाची बाई आहे, म्हणतात. बाजारात तिच्या कानावर हे येतं. ती पिंजऱ्याचे दोर सोडते, कोबी उतरवून देते आणि रिकामी गाडी घेऊन परत डोंगर चढायला लागते.