चार वाजून दहा मिनिटे

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. केरळातल्या कण्णूरजवळच्या एका सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवले, करवंटीच्या कोळशाचा लेप दिला आणि विड्यांच्या कारखान्याच्या दारात टांगले.

आत चाळीस माणसे मांडीवर सूप घेऊन विड्या वळत. हात गुंतलेले, कान मोकळे. म्हणून कुंजंबू सकाळी मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवी आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून देत. पण वर्तमानपत्राची घडी झाली तरी जग थांबत नसे. ते उरलेले जग कुंजंबूची तेरा वर्षांची मुलगी प्रसीता माझ्यावर खडूने लिही. रेडिओ ऐकून, बसवाल्यांना विचारून, धावत येऊन. बातमी आपल्याआधी कोणी सांगितली, तर तिला जेवण गोड लागत नसे.

एका शनिवारी कंडक्टर म्हणाला, "चात्तू मास्तरांच्या फाटकावर काळं निशाण लागलंय." मास्तर हे कामगारांचे वृद्ध पुढारी, महिनाभर अंथरुणावर. काळे निशाण म्हणजे घरात मरण. प्रसीताने लगेच लिहिले : 'चात्तू मास्तर यांचे निधन.'

विडीची पाने कापणाऱ्या कात्र्या थांबल्या. सुपे खाली ठेवली गेली. चाळीस माणसे हार घेऊन दोन मैल मुकाट चालत गेली. मास्तर ओसरीवर चहा पीत होते. वारला होता तो शेजारी; फाटक दोघांचे एकच.

"या, या," मास्तर म्हणाले. "हार आणलाय तर घालूनच जा. मेल्यावर मला कुठे दिसणार?"

परत आल्यावर विड्या वळणारी म्हातारी नारायणी म्हणाली, "उद्या माझं लिही गं. सुनेला तेवढाच आनंद!" सगळे हसले. मुकादम हसला नाही. "फळा उतरवा. या पोरीच्या हाती पुन्हा खडू नको."

प्रसीता ओले फडके घेऊन माझ्यापाशी आली. कुंजंबूने तिचे मनगट धरले.

"पुसू नकोस."

"बाबा, सगळे वाचतायत."

"वाचू देत. चाळीस माणसं दोन मैल चालली, ती पुसली जाणार का? रेघ मार. खाली खरं लिही."

तिने रेघ इतकी दाबून ओढली की माझा लेप खरवडला. खाली लिहिले : 'ही बातमी खोटी होती. मी खात्री केली नाही. मास्तर बरे आहेत. प्रसीता, चार वाजून दहा मिनिटे.'

मुकादमाने दोनदा वाचले. "वेळ कशाला घातलीस?"

"तोवर तुम्ही खोटं वाचत होता, ते कळावं म्हणून."

त्याने मला खिळ्यावर सरळ केले. मग म्हणाला, "राहू दे टांगलेला."

पुढे प्रसीताने शहरात संगणकावर मल्याळम बातम्यांचे पान उघडले. इंटरनेटवर बातमी कोण वाचणार, असे तेव्हा शहाणीसुरती माणसे विचारीत. त्या पानावर चुकलेली ओळ कधी नाहीशी होत नसे. तिच्यावर रेघ, खाली खरे, शेजारी वेळ.

कारखाना बंद पडला. आता मी शेळ्यांच्या गोठ्याचे दार आहे. गेल्या वर्षी पिकल्या केसांची प्रसीता आली, वाकली आणि त्या खरवडलेल्या रेघेवरून तिने बोट फिरवले.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. लाकूड आहे, कुजेल. पण तुमच्या हातून कधी खोटे लिहिले गेले, तर फडक्याकडे धावू नका. रेघ मारा, खाली खरे लिहा आणि घड्याळाकडे पाहा.