दादा कुणाचा

विसरभोळेपणाच्या पार पुढे गेलेल्या म्हाताऱ्या माणसांचं ते केंद्र होतं, आणि हॅलोताई तिथे दर आठवड्याला आपल्या खुशीने यायच्या. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून देण्यात गेला, म्हणून हे नाव; ते त्यांनाही आवडायचं. त्यांचा खेळ साधा होता. कापडी पिशवीत जुन्या वस्तू भरलेल्या. न बघता हात घालायचा, हाताला लागेल ते ओळखायचं आणि त्यावरून जे आठवेल ते सांगायचं. यात चूक-बरोबर काही नाही, असं त्या सगळ्यांना पुन्हा पुन्हा बजावत.

त्या दिवशी शिंपीणबाईंच्या हाताला सायकलची घंटी लागली. एरवी चमचा असो की कुलूप, "मशीनचं काहीतरी" म्हणून त्या मोकळ्या व्हायच्या. आज त्यांनी घंटी वाजवली आणि चेहरा खुलला. दादाने सायकल शिकवली, त्या सांगू लागल्या. मागून धरतो, धरतो म्हणाला आणि दिली सोडून. मी आपली बोलतेय त्याच्याशी, वळून बघते तर हा पार कोपऱ्यावर पोट धरून हसतोय. मग काय, पडले धाडकन गवतात.

हॅलोताई चपापल्या. ही गोष्ट मास्तरीणबाईंची होती, शेजारच्याच खुर्चीतल्या. याच घंटीवरून त्यांनीच ती मागे कधीतरी रंगवून सांगितली होती. त्यानंतर त्यांचं बोलणं आटत गेलं, आणि आता त्या दिवसभर शालीची किनार चाचपत बसायच्या.

दाराशी शिंपीणबाईंची मुलगी उभी होती, आईला घरी न्यायला आलेली. तिने हॅलोताईंना बाजूला घेतलं. आई एकुलती एक, ती म्हणाली. भाऊ नाही, बहीण नाही, आणि सायकलवर तर ती जन्मात कधी बसली नाही.

"आईपाशी तिचं स्वतःचं असं आता थोडंच उरलंय," ती म्हणाली. "त्यात तुम्ही दुसऱ्याचं नका हो भरू."

तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच ते हॅलोताईंना जास्त लागलं. एक्स्चेंजमध्ये चुकीचा नंबर जोडला गेला तर तार उपसून घेता यायची. इथे काय उपसायचं? शेवटी त्यांनी घंटी पिशवीतून काढून पर्समध्ये टाकली.

पुढच्या आठवड्यात मुलगी मुद्दाम लवकर आली. खेळ ऐन रंगात होता. शिंपीणबाईंनी पिशवीत हात घातला. चमचा सारला, कुलूप सारलं, तळ चाचपला, पुन्हा चाचपला. मग हात तसाच आत ठेवून त्यांनी रडवेल्या आवाजात विचारलं,

"दादा आला नाही?"

हॅलोताईंनी मुलीकडे पाहिलं. मुलगी आईच्या त्या पिशवीतल्या हाताकडे बघत होती. तिने होकाराची मान हलवली.

हॅलोताईंनी पर्समधली घंटी हळूच पिशवीत सोडली. घंटी वाजली. दादा आला, सायकल सोडून दिली, लांब उभा राहून हसला. "आणि मी धाडकन गवतात," शिंपीणबाई म्हणाल्या.

"वाळूत."

आवाज मास्तरीणबाईंचा होता. बसका, पण वर्गात उत्तर दुरुस्त करावं तसा ठाम.

आता दादावरून जुंपते की काय, म्हणून हॅलोताई पुढे सरसावल्या. पण शिंपीणबाईंनी जरा विचार केला. "हो गं, वाळूतच," त्या म्हणाल्या. "तू होतीस ना तिथे. रागावला होता का गं तो?"

"आपला दादा कधी रागावतो?" मास्तरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला. शिंपीणबाईंनी घंटी त्यांच्या तळव्यावर ठेवली.

लहानपणी आईला भावंडं हवीशी वाटायची का, हे आपण तिला कधी विचारलंच नाही, असं मुलगी नंतर हॅलोताईंना म्हणाली. त्या वेळी मात्र पर्स खांद्यावरून उतरवून तिने एक खुर्ची ओढली, दोघींच्या समोर बसली आणि मास्तरीणबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मग पुढे काय झालं, मावशी?"