लोसाच्या मनगटातली पहारेकरीण

मित्रांनो, मी समोर आले तरी तुम्हाला दिसणार नाही. माझ्यासारख्या कितीतरी जणी टाचणीच्या टोकावर फुगडी घालतील. मी एक जुनी भक्षक पेशी आहे. टोंगा बेटावरच्या लोसाच्या उजव्या मनगटात, सांध्याच्या अस्तरात राहते. लोसा आईच्या पोटात होती तेव्हापासून आमचं घराणं या भागात आहे.

आम्ही सगळ्या जणी हातात हात घालून सांध्याभोवती भिंत धरतो. आत कचरा पडला की गिळून टाकतो. जंतू घुसला तर त्याचा फडशा! हे मला कुणी शिकवलेलं नाही, जन्मतःच येतं. रक्तातले शिकून तयार झालेले सैनिक वेगळे. ते फार शहाणे असतात म्हणे. पुढे कळेलच किती ते.

लोसा तुतीच्या सालीचं कापड बनवायची. ओली साल ओंडक्यावर पसरायची आणि लाकडी मोगरीने बडवायची. टप, टप, टप. एका ओंडक्याला चार बायका बसायच्या, पण पहिली थाप लोसाची. ती पडल्याशिवाय बाकीच्यांच्या मोगऱ्या उठायच्या नाहीत. मला ती थाप हाडातून ऐकू यायची. काय रुबाब वाटायचा!

मग घोटाळा झाला. त्या शहाण्या सैनिकांनी सांध्यातल्या आपल्याच मालावर ‘शत्रू’ अशी चिठ्ठी चिकटवली. आम्हाला चिठ्ठी वाचायची सवय, माल बघायची नाही. मी गिळलं आणि बोंब ठोकली. बोंब ऐकून रक्तातून झुंडी आल्या. आमच्यासारख्याच भक्षक, पण नव्या आणि तापट. त्यांनी आमची भिंत मोडली आणि सांधाच कुरतडायला घेतला. मनगट सुजून भाकरीसारखं झालं. सगळं त्यांनी केलं असं म्हणणार नाही मी. पहिली बोंब माझी होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आठवड्याला एकदा घ्यायची गोळी दिली. लोसा ती रविवारी चर्चला जाण्याआधी घ्यायची. काही महिन्यांत गोंगाट शमला. आणि ‘बरं वाटतंय’ म्हणत लोसाने गोळी सोडली!

झुंडी परत आल्या. आता हाड कुरतडलं गेलं की लोसाची पहिली थाप कायमची जाणार होती. मी ओरडून सांगणार कसं? माझं ओरडणं म्हणजे आणखी सूज.

पण लोसाची नणंद होती ना, फिफिता. आमच्या टोंगात नवऱ्याच्या बहिणीचा शब्द मोडायची कुणाची टाप नाही. त्यात ही महाखोडकर. एका सोमवारी ती ओंडक्याकडे पाठ करून कोनफळं सोलत बसली होती. न वळताच म्हणाली, “लोसा, डाव्या हाताने कधीपासून बडवायला लागलीस गं?”

“छे, उजव्यानेच बडवतेय की, वन्सं!”

“माझी पाठ बहिरी नाहीये. थाप हलकी पडतेय. बरं, ती जॅमची बरणी उघडून दे.”

लोसाने उजव्या हाताने झाकण धरलं. पिळलं. दात आवळले. मनगटात आम्ही सगळ्या आपटलो. झाकण काही हललं नाही.

“फारच घट्ट बसलंय, वन्सं.”

फिफिता उठली आणि दोन बोटांनी झाकण काढलं. “सकाळीच सैल करून ठेवलं होतं मी.”

हसायला तोंड उघडलेल्या बायकांनी मोगऱ्या खाली ठेवल्या.

“गोळी?”

“सोडली,” लोसा पुटपुटली. “रविवारी देवाचा वार म्हणून काम बंद, बसून राहिलं की सोमवारी हाताचा दगड होतो. सालीच्या दोन पट्ट्या बडवल्या की सुटतो. मग कामच औषध झालं ना?”

“हो का! मग रविवार रद्द करायला सांग देवाला. मी येते साक्षीला!” मग तिचा आवाज बदलला. “उद्या डॉक्टरीणबाईंकडे चलायचं. त्या हो म्हणेपर्यंत ओंडक्याला हात लावलास तर मोगरी चुलीत घालीन. आणि गोळी माझ्यासमोर घ्यायची, जीभ काढून दाखवायची.”

दर रविवारी चर्चच्या दारात लोसा जीभ काढायची. पाद्रीबाबांना वाटायचं, ही आपल्यालाच वेडावते.

इकडे आम्हीही कंबर कसली. गोळीने गोंगाट उतरला तशा आम्ही जुन्या जणी एकमेकींना शोधत निघालो. हात धरले, सुटले, परत धरले. कचरा उपसला. झुंडी दारात आल्या तरी हटलो नाही. कुरतडलेलं हाड मात्र भरून आलं नाही. लोसाचं मनगट आता पूर्ण वळत नाही.

पुढे डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. सोमवार होता. बायका मोगऱ्या धरून थांबल्या. फिफिता मुद्दाम पाठ करून बसली.

टप.

“जरा जड पडली,” फिफिता म्हणाली, “पण तुझीच आहे.” डोळे पुसलेले कळू नयेत म्हणून ती उगाच ‘किती चिकट’ असं म्हणत कोनफळाला शिव्या देत राहिली. मग चारही मोगऱ्या उठल्या.

मित्रांनो, दुखायचं थांबलं म्हणजे आतलं भांडण मिटलं असं नसतं. ते मिटवून ठेवावं लागतं, रोज. तुमच्या घरात कुणी “बरं वाटतंय” म्हणून, डॉक्टरांना न विचारता गोळी सोडली, तर त्यांच्यापुढे एक सैल झाकणाची बरणी ठेवा. पुढचं मी बघते. भिंत धरून बसलेय मी, आणि उठायचा माझा विचार नाही.

टप. ऐकलंत? उजव्या हाताची आहे.