फूल येईपर्यंत

ठाण्यात खोपटच्या एसटी आगारामागे, तिसऱ्या मजल्यावर एका एजन्सीचं ऑफिस होतं; लोकांचे व्हिडिओ पैसे देऊन चालवायला घेणारी एजन्सी. एजन्सी चालवणाऱ्या ऋतिकाने करार माझ्यापुढे सरकवला आणि सातव्या कलमावर बोट ठेवलं. यापुढे व्हिडिओत मी एकटीच दिसायचं होतं.

"काकू पाहुण्या म्हणून येतील अधूनमधून," ती म्हणाली. "पण दर्शना, त्या सारखं 'थांब, थांब' म्हणतात ना, तिथे लोक निघून जातात. पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी घडायला हवं."

काकू म्हणजे माझ्या सासूबाई, रखमाबाई; मी त्यांना आई म्हणते. शेजारच्या खुर्चीत, मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसल्या होत्या. डोंबिवलीच्या आमच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी दीड वर्ष व्हिडिओतून विज्ञानाचे छोटे प्रयोग करून दाखवत होतो. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक, त्या खाडीकाठच्या मिठागरात राबलेल्या. एजन्सी मिळाली तर दुसऱ्यांच्या परीक्षानळ्या धुण्याऐवजी मला दिवसभर आपले प्रयोग करता येणार होते. मला ते फार हवं होतं. इतकं, की मी पेनाचं टोपण काढलं.

"कर सही गो," आई म्हणाल्या. "मना काय, मी घरात बसून बगीन. पण आधी ह्या पोरांना मिठाचा फूल दाखव. डबा उगाच आणला काय मी?"

नमुन्याचा व्हिडिओ तसाही करायचा होता. एजन्सीचा एडिटर मितेश याने कॅमेरा लावला. डब्यातलं मिठाचं दाट पाणी मी पॅन्ट्रीत गरम करून आणलं, काचेच्या पसरट ताटलीत ओतलं आणि वर जुना पिवळा दिवा लावला. तीन मिनिटं काहीच झालं नाही, म्हणून मितेशने ताटली जरा तिरकी केली. चित्र हलतं हवं. दुसऱ्या खेपेला ऋतिकाने सुचवलं म्हणून मी चमचा फिरवला. दोन्ही वेळा तळाशी बारीक पांढरा चुरा बसला, बाकी काही नाही.

"फास्ट फॉरवर्ड मारू," मितेश म्हणाला.

"काय मारशील? जे झालाच नाय, ते?" आई उठल्या. "तो गार वारा बंद कर आधी."

"एसी? काकू, उकडेल."

"उकडू दे. मिठागरात आमी एसीत बसलेलो काय?"

तिसऱ्या खेपेला त्यांनीच पाणी ओतलं. त्याआधी दोन बोटं बुडवून चोळून पाहिली. मितेश कराराच्या कागदांनीच वारा घेत होता. आईंनी नुसतं पाहिलं, तो थांबला. चहाचं विचारायला आलेली ऑफिसातली योगिनी दारातच उभी राहिली.

अकराव्या मिनिटाला पाण्यावर एक ठिपका दिसला. चौकोनी. मग त्याच्या कडा वर वाढू लागल्या आणि एक इवलासा उलटा मनोरा पाण्यावर तरंगायला लागला. हेच आईंचं मिठाचं फूल. पृष्ठताणामुळे तो तिथे टिकतो, पाणी हललं की बुडतो. हे मी विद्यार्थ्यांना कितीदा तरी सांगितलंय. तरी मी ताटलीजवळ वाकले.

ऋतिकाचा फोन थरथरला. ती उठणार, तोच आई म्हणाल्या, "थांब."

ती थांबली. फोन थरथरून गप्प झाला.

"काकू, तो बघा, कोपऱ्यात आणखी एक," मितेश कुजबुजला.

"बगलाय. श्वास तिकडं सोड."

वीस मिनिटांनी ताटलीत नऊ फुलं होती आणि भोवती आम्ही पाचजण घामाने निथळत होतो. ऋतिकाचं काजळ गालावर उतरलं होतं. ती अगदी हळू म्हणाली, "झाले का गं तीन सेकंद?"

सगळे एकदमच हसलो. टेबल हललं आणि नऊच्या नऊ फुलं बुडाली.

मी पेनाला टोपण लावलं. "ऋतिका, सातवं कलम असेल तर मला सही करता येणार नाही."

तिने माझ्याच हातातून पेन घेतलं, टोपण काढलं आणि कलमावर सरळ रेघ मारली.

"नुसती रेघ नको," आई म्हणाल्या. "तिथं लिव. फूल येईपर्यंत कोणी हात लावायचा नाय."

"आणि एसी?" मितेशने कपाळ पुसत विचारलं.

"तो पण लिव."