इस्त्रीच्या दुकानातला बाक

मी बाक बोलतोय. लांब, जड आणि स्वभावानं कुरकुरा. नीट बसा. सगळे एकाच टोकाला बसलात तर मी उलटेन, आणि वर तुम्हालाच हसेन.

सुतारानं रंधा मारून मला गुळगुळीत केलं आणि थेट एका कॉलेजच्या वाचनालयात नेऊन ठेवलं. उमेदीचा काळ तिथंच गेला. तुम्हाला वाटेल, बाक मोठा विद्वान झाला असेल. डोंबलाचा विद्वान! भिंतीवर पाटी होती, शांतता राखा. सगळे मनातल्या मनात वाचायचे. मला कळायची ती फक्त त्यांची बुडं. पान उलटताना कुणी ताठ व्हायचं, कुणी हुंदका गिळायचं, कुणी श्वास धरून बसायचं. एवढं आहे तरी काय त्या कागदात? एकानंही सांगितलं नाही.

एक काटकुळा विद्यार्थी तेवढा जवळचा. कंपासपेटीतल्या कर्कटकानं त्यानं माझ्या पाठीवर काहीतरी कोरलं. दुखलं, पण अभिमानानं सोसलं. म्हटलं, असेल काही ज्ञानाची गोष्ट.

पुढं लोखंडी खुर्च्या आल्या आणि मला फाटकाबाहेर टाकलं. इस्त्रीवाल्या म्हाताऱ्यानं उचलून दुकानात आणलं. आता माझ्यावर कपड्यांची गाठोडी बसतात. ती निदान पाय हलवत नाहीत.

म्हातारा शाळेत फारसा गेलेला नाही. तोंडाचा फाटका, हाताचा मात्र सफाईदार. त्याच्या नातीचा कॉलेजप्रवेश ठरलेला, दुसऱ्या दिवशी नाव घालायची मुदत संपणार, आणि हा काही हो म्हणेना. म्हणून तिनं डोकं चालवलं. ज्या पुस्तकानं तिला कॉलेजचं वेड लावलं, तेच दुपारी माझ्यावर बसून ती त्याला मोठ्यानं वाचून दाखवू लागली.

मोठ्यानं! अहो, एवढी वर्षं कॉलेजात काढून मी पहिल्यांदा पुस्तक ऐकलं.

काय गोष्टी होत्या त्या! दगडी कॉलेज, काळोखे जिने, कुलपात ठेवलेले ग्रंथ. एका गोष्टीत मेलेला प्राध्यापक ठरल्या वेळी वर्गात येतो, आणि मुलं पळत नाहीत, वह्या उघडतात. दुसरीत चार मित्र एक मेलेली भाषा शिकतात, इतकी, की त्यांना आपल्या आयांच्या हाकाच कळेनाशा होतात. माझ्या फळ्यांवर काटा आला. माझ्या उरावर एवढी मोठी जगं उघडत-मिटत होती, आणि मी बुडं ओळखत बसलो होतो!

म्हाताऱ्याचाही हात थांबला. चौथ्या मित्रानं तिघांच्या पेल्यात विष घातलं आणि दुकानात जळका वास सुटला. गल्लीतल्या डॉक्टरांच्या पांढऱ्या शर्टावर इस्त्रीचा तपकिरी ठसा!

"झालं समाधान?" म्हातारा ओरडला. "जन्मात कधी कापड जाळलं नव्हतं मी! आणि असल्या ठिकाणी जाणार तू? विष घालतात, मेलेले मास्तर येतात!"

"आजोबा, गोष्ट आहे ती."

"छापलंय ना? मग कुठंतरी घडलं असणारच. नाही जायचं. विषय संपला."

पोरीनं पुस्तक मिटलं. एक गरम थेंब माझ्यावर पडला. मी आतल्या आत ओरडत होतो, अरे म्हाताऱ्या, मी राहिलोय तिथं, मला विचार! पण बाकाला कोण विचारतं?

तिचं रडणं बघून तो वरमला. कधी न बसणारा माणूस तिच्या शेजारी टेकला. त्याच्या पाठीला काहीतरी खरखरीत लागलं. त्यानं बोटानं चाचपलं.

"काय कोरलंय गं हे? कॉलेजातला बाक आहे."

तिनं धूळ पुसली. मी श्वास धरला. माझं ज्ञान, अखेर!

"भूक लागली गं आई," तिनं वाचलं.

म्हातारा असा हसला, असा हसला, की माझे चारी पाय हलले.

"एवढीच भानगड असते होय तिथं? जा, उद्या नाव घालून ये. आणि आईला सांग, डबा मोठा दे म्हणावं." मग हळूच म्हणाला, "पण ते विषाचं पुढं काय झालं, तेवढं वाच की."

ती आता कॉलेजात जाते आणि परतल्यावर आम्हा दोघांना वाचून दाखवते. ज्ञान म्हणून मिरवलं ती भूक निघाली, याचं मला वाईट वाटत नाही. तो काटकुळा उपाशीपोटी बसून राहायचा, पण पुस्तक सोडून उठायचा नाही. काय ताकद असेल त्या कागदात!

म्हणून सांगतो, कधीतरी मोठ्यानं वाचा. खाली आम्हीही ऐकत असतो.