विमा आहे म्हटल्यावर धावत येणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी व्हीलचेअर आहे आणि स्वभावाने संशयी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्या बोलण्याचा राग येणार नाही. चार चाके, एक बैठक आणि मागे दोन मुठी एवढेच माझे भांडवल. पण माझ्यावर बसलेल्या माणसाच्या पाठीमागे उभे राहून लोक जे हळूच बोलतात, ते सगळे माझ्या कानांवर पडलेले आहे. एवढे ऐकल्यावर भोळे कोण राहील?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. नळ्या वाकवून, जोडून, रंग देऊन मला उभी केली आणि पाठीवर 'तपासले' अशी चिठ्ठी चिकटवली. तपासणारे गृहस्थ त्या वेळी बाहेर फोनवर जावयाशी बोलत होते. मला कोणी हातसुद्धा लावला नव्हता. माझ्या संशयाची सुरुवात तिथे झाली असे समजा.

या दवाखान्यात आले तेव्हा माझे कोण कौतुक! मोठे डॉक्टर स्वतः माझ्यावर बसले, हसले, फोटो काढून घेतला. तो फोटो अजून दारातल्या भिंतीवर आहे. त्यानंतर ते माझ्या वाटेला फिरकले नाहीत. पण कामाचे दिवस छान होते. पाय मोडलेली, बाळंत झालेली, म्हातारी, घाबरलेली, सगळी माणसे मी नेली. घरी जाताना कुणी माझ्या हातावर थाप मारून "बरी सापडलीस गं" म्हणाले की मला फार बरे वाटायचे.

हळूहळू मात्र माझ्या लक्षात एक गोष्ट आली. आत आलेल्या माणसाला काउंटरवर पहिला प्रश्न 'काय होतंय?' असा नसायचा. 'विमा आहे का?' असा असायचा. उत्तर 'आहे' असले की वॉर्डबॉय मला घेऊन पळत सुटायचा. माणूस स्वतःच्या पायांनी जिना चढून आलेला असला तरी "बसा, बसा, त्रास घेऊ नका" म्हणत त्याला माझ्यात बसवायचे. आणि उत्तर 'नाही' असले की मी कोपऱ्यातच. लंगडत आलेला माणूस भिंतीला धरून बाकापर्यंत जायचा आणि मी बघत राहायचे. तेव्हापासून कोणी मला फार लगबगीने आणले की माझ्या मनात आधी 'का?' येते.

एके दिवशी सकाळी दोन बहिणी आल्या, धाकटीला बरे वाटत नव्हते म्हणून. दोघींचे पडदे शिवायचे दुकान होते. थोरली कापड कापायची आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायची. धाकटी मशीनवर बसायची आणि सहसा काही बोलायची नाही. विम्याचा हप्ता थोरली न चुकता भरत असे, पण विम्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांच्या शेजारणीचा हात मुरगळला होता. तिने 'विमा आहे' म्हटल्याबरोबर तिला डोक्यापासून पायापर्यंत तपासले आणि दोन रात्री ठेवून घेतले. ही कथा थोरलीने येता येता धाकटीला पुन्हा एकदा ऐकवली होती.

"विमा आहे का?" काउंटरवरच्या मुलीने विचारले.

थोरलीने धाकटीचा हात दाबला. "नाही."

"मग आधी पैसे भरा आणि तिकडे बसा."

"अजून बघितलं नाही तर पैसे कसले? दुकानात कापड दाखवायच्या आधी पैसे मागतो का आम्ही?" झाले, थोरलीने काउंटरवर कोपर टेकवले आणि फोडणी तडतडावी तसा आवाज चढवला. धाकटी एकटीच बाकावर जाऊन बसली.

थोड्या वेळाने एक जण आला. गळ्यात स्टेथोस्कोप होता, पण लक्ष हातातल्या फोनमध्ये होते. "काय होतंय?"

"काही नाही हो," धाकटी म्हणाली. "खांदा भरून आलाय. जुनंच आहे. मशीनवर बसून बसून होतं."

मित्रांनो, 'जुनंच आहे' हे शब्द मी हजारदा ऐकले आहेत. समोरच्याला त्रास नको म्हणून आपली माणसे ते बोलतात. त्याचा अर्थ 'माझ्यासाठी थांबू नका' एवढाच असतो. पण त्या माणसाने कागदावर 'जुना त्रास' असे लिहिले. "गॅस असेल," म्हणाला, एक गोळी दिली आणि निघून गेला.

थोरली काउंटरवरची लढाई जिंकून परतली तेव्हा धाकटीच्या हातात गॅसची गोळी होती आणि कपाळावरून घाम निथळत होता. ओठ पांढरे पडले होते. थोरलीने एकदा तिच्याकडे बघितले आणि किंचाळली, "आहे! विमा आहे! आहे म्हणते ना!"

मी आलेच. वॉर्डबॉयने मला अशी पळवली की वाटेतली बादली उलटली. धाकटीला बसवले, आत नेले, छातीला तारा लावल्या. यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर आली. ती बघून एक तरुण डॉक्टरीणबाई म्हणाली, "हार्ट अटॅक आहे. आत्ताच्या आत्ता आत घ्यावं लागेल."

थोरली ताठ झाली. "मघाशी गॅस होता. विमा म्हटल्यावर लगेच हार्ट झाला होय?"

खरे सांगते, मला ते पटले. शेजारच्या पेशंटबरोबर आलेल्या एका काकांनाही पटले, त्यांनी जोरात मान हलवली. थोरलीने माझ्या मुठी घट्ट पकडल्या आणि मला बाहेरच्या दाराकडे वळवले. "चल गं. दुसरीकडे दाखवू. इथे सगळे एका माळेचे मणी."

डॉक्टरीणबाई आडवी आली. तिने माझे दोन्ही हात धरून ठेवले. ती गोड बोलली नाही, हे मी लगेच टिपले. "न्या खुशाल," ती म्हणाली, "पण दुसऱ्या दवाखान्याच्या दारापर्यंत ही जिवंत राहील असं मी सांगू शकत नाही. माझ्यावर चिडायचंय ना, मग नंतर चिडा."

थोरली हलेना. मी मधल्यामध्ये अडकले. एक ओढते आहे, एक धरते आहे, आणि माझ्यात बसलेली बाई डोळे मिटत चालली आहे. त्या क्षणी मला कळत नव्हते की खरे कोण आणि खोटे कोण. माझा आयुष्यभराचा संशय माझ्या काही कामाला येत नव्हता.

तेवढ्यात काउंटरमागचे साहेब धावत आले. "डॉक्टर, विम्याची मंजुरी आलेली नाही. तोवर आत घेता येणार नाही."

"घेतेय मी."

"पैसे बुडाले तर?"

"माझ्या नावावर लिहा! सरका आधी!"

दोघे तिथेच भांडू लागले. थोरली एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. आयुष्यभर गिऱ्हाइकांशी घासाघीस केलेली बाई ती. यांचे आतून साटेलोटे असते तर हे आपल्यासमोर असे भांडले नसते, हे तिच्या ध्यानात आले. तिने माझ्या मुठी सोडल्या. "न्या," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पार बसला होता.

त्या मुठी डॉक्टरीणबाईने धरल्या. एवढ्या वर्षांत मला कोणत्याही डॉक्टरने कधी ढकलले नव्हते. ती मला ढकलत, पळत, वाटेतल्या लोकांवर ओरडत घेऊन गेली.

धाकटी वाचली. पण तुम्ही हुश्श करू नका. दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचा निरोप आला की पैसे मिळणार नाहीत. त्रास जुना आहे, असे पेशंटने स्वतःच सांगितले आहे, दवाखान्याच्या कागदावर तसे लिहिले आहे. विमा घेताना तो लपवला. म्हणजे मरता मरता वाचलेली धाकटी खोटारडी ठरली! हे कायम राहिले तर दोघींना दुकानातल्या मशीन विकाव्या लागणार होत्या आणि धाकटीची पुढची औषधे कशी आणायची हाही प्रश्न होताच. थोरलीने फोनवरून आकाशपाताळ एक केले. शेवटी कंपनीने चौकशीला एक माणूस पाठवतो म्हणून कळवले.

तो आला तेव्हा धाकटी माझ्यातच बसलेली होती, मी तिला खिडकीपाशी नेले होते. माणूस तोंडाने भारी गोड. "कसं वाटतंय मावशी? जेवण जातंय ना?" मी सावध झाले. थोरली तर सकाळपासून धाकटीला पढवत होती, "जुनं हा शब्द तोंडातून काढशील तर बघ. आठवत नाही म्हणून सांग."

"मग मावशी," तो म्हणाला, "हे दुखणं कधीपासूनचं?"

मला माझ्या मुठींवर थोरलीची बोटे आवळलेली जाणवली.

"खांदा जुनाच आहे," धाकटी म्हणाली. थोरलीने डोळे मिटून घेतले. "पण ते वेगळं. त्या दिवशी सकाळी छातीत आलं ते पहिल्यांदाच. असं दुखणं मला कधी झालं नव्हतं. बाकावर बसले होते तेव्हा वाटलं, आता आपण मरतोय."

लिहिता लिहिता त्या माणसाचा हात थांबला. "मग तेव्हा डॉक्टरांना असं का नाही सांगितलंत?"

"माझी ताई काउंटरवर भांडत होती," धाकटी हळूच म्हणाली. "तिची पाठ होती माझ्याकडे. म्हटलं, आधीच एवढी वैतागलीय, आणखी कशाला तिच्या जिवाला घोर."

थोरलीची बोटे सुटली. ती माझ्या मागून पुढे आली आणि जमिनीवर बसली. "मला एक हाक मारायचीस ना गं," एवढेच म्हणाली, आणि भर वॉर्डात, परक्या माणसासमोर, धाकटीच्या मांडीवर डोके ठेवून हमसून हमसून रडली. ज्या बाईसमोर काउंटरवाले चळाचळा कापत होते तिला असे रडताना बघून मलाही भरून आले.

मंजुरी आली. ती खऱ्या उत्तरामुळे आली, डॉक्टरीणबाईने केलेल्या फोनमुळे आली, की थोरली आता थेट कंपनीच्या कचेरीत येऊन बसेल या धास्तीने आली, हे मला सांगता येणार नाही. आपोआप आली असे मात्र मी मरेपर्यंत मानणार नाही.

आता माझी बैठक फाटली आहे, पुढचे एक चाक हट्टी झाले आहे. नव्या चकचकीत खुर्च्या आल्यापासून मी जिन्याखाली असते आणि माझ्यावर लादी पुसायची ओली फडकी वाळत घालतात. त्याचे मला वाईट वाटते, पण मी तक्रार करणार नाही. इथूनही काउंटर दिसतो आणि तिथे रोज कोणी ना कोणी तावातावाने बोलत असते.

मित्रांनो, तुम्हीही मोठे झालात की अशा काउंटरवर उभे राहाल. तेव्हा विचारा. कोणती तपासणी, कशासाठी, किती खर्च, सगळे विचारा. गोड बोलणाऱ्याला तर दोनदा विचारा. भांडावे लागले तर भांडा, मी तुमच्याच बाजूने आहे. फक्त भांडता भांडता मध्येच एकदा मागे वळा आणि बाकावर बसवलेल्या आपल्या माणसाचा चेहरा बघा.